केमो चालू असताना ताईचं ताट आधी वाढा



स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट यांच्या झेरॉक्स काढायची धावपळ सुरू होते, आणि त्या बाईच्या ताटातली एकेक वस्तू कमी व्हायला लागते. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एक पथ्य सांगून जातं. जाऊ म्हणते, अंडं गरम पडतं. आत्या म्हणते, मासळीनं जखम चिघळते. शेजारीण म्हणते, दह्यानं कफ होतो, वांगं वातूळ, डाळीनं पोट फुगतं. कुणाच्या तरी मोबाईलवर आलेलं असतं की साखरेनं गाठ वाढते, दुधानंही वाढते. महिन्याभरानं बघावं तर ताटात उरलेलं असतं वरणाचं पाणी, मऊ भात आणि पाहुण्यांनी आणलेले बिस्किटाचे पुडे.

आणि ती बाई हे मुकाट ऐकून घेते. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते खायची सवय लागलेल्या बाईला ताट कमी झाल्याचं फारसं नवल वाटत नाही.

आजचा पाठ या एकाच गोष्टीवर आहे. केमो, ऑपरेशन, शेक असे उपचार चालू असताना ताट कमी करायचं नाही. डॉक्टरांनी किंवा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं असेल तेवढंच वगळायचं. बाकी आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या वस्तीत जे शिजतं, त्यातच या बाईला लागणारं जवळजवळ सगळं आहे.

जेवणाचा आणि केमोचा संबंध

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर मारा करतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या मरतात. पण अंगात दुसऱ्याही काही पेशी भराभर वाढत असतात. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तराच्या, केसांच्या मुळाशी असलेल्या. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. दोन डोसांच्या मध्ये बहुतेक वेळा २१ दिवसांचं अंतर ठेवतात ते याचसाठी. तेवढ्या दिवसांत शरीरानं मोडलेलं पुन्हा उभं करायचं असतं, आणि त्यासाठी लागणारा माल जेवणातून येतो. त्यातला मुख्य माल म्हणजे प्रथिनं. ती पोटातून मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचं मांस मोडून वापरतं. मग बाईच्या मांड्या, दंड बारीक होतात, जिना चढवत नाही.

पुढचा डोस देण्याआधी रक्त तपासतात ते तुम्हाला माहीत आहे. पेशी फार कमी असल्या किंवा बाई अगदीच गळून गेलेली असली, तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात. गाडीभाडं खर्चून, मजुरी बुडवून ससूनला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला जायचं आणि 'पुढच्या आठवड्यात या' ऐकून परतायचं, हे आपल्या घरांना किती महागात पडतं ते सांगायला नको. पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उपचाराची घडी विस्कटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. अन्नानं कॅन्सर बरा होत नाही. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, कडू काढे यांनीही होत नाही. अन्न उपचार सोसायची ताकद देतं आणि ते काम काही लहान नाही. काढे, चूर्ण, मुळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. केमोचं बरंचसं औषध यकृतावाटे जातं. त्याच यकृतावर अनोळखी मुळीचा भार पडला तर नुकसान होऊ शकतं. जेवणातली हळद, आलं, लसूण यांची भीती नको. हळदीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

साखरेबद्दल नेहमी विचारलं जातं, त्यातून आपण साखर कारखान्यांच्या मुलखातले. चहात चमचाभर साखर घातली म्हणून गाठ वाढत नाही. अंगातली प्रत्येक पेशी साखर वापरते. खाणं बंद केलं तरी शरीर स्वतःचं मांस मोडून साखर बनवतं, म्हणजे उपाशी राहून कॅन्सरला उपाशी मारता येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जपायचं. केमोच्या दिवशी उलटी थांबवायला आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून जे स्टिरॉइड देतात, त्यानं दोन-तीन दिवस रक्तातली साखर चढते.

स्तनाच्या कॅन्सरची एक वेगळी गोष्टही आहे, ती फारशी बोलली जात नाही. यात सगळ्याच बायका वाळत नाहीत. बऱ्याच जणींचं वजन उपचारात वाढतं. स्टिरॉइडनं भूक वाढते, पाळी लवकर जाते, शेतावरचं काम सुटतं आणि घरचे मायेनं शिरा, बिस्किटं, फरसाण पुढे करत राहतात. वजन वाढतं पण ती चरबी असते, आतलं मांस कमीच झालेलं असतं. वाढलेलं वजन पुढे चांगलं नाही. म्हणून 'वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली' असं समजून चालू नका. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी वजन करा आणि वहीत लिहा. आरोग्य उपकेंद्रात काटा असतो, आशाताईंना विचारा. महिन्यात दोन-तीन किलो इकडे किंवा तिकडे झालं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. केमोचा डोस उंची-वजनावर ठरतो, हे त्यांनाही कळायला हवं.

६० ग्रॅमचा हिशेब

उपचार चालू असताना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाई ५० किलोची असेल तर ६० ते ७५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं.

६० ग्रॅम म्हणजे किती ते आपल्या ताटात मोजू. सकाळी एक पेला दूध, त्यात ६ ग्रॅम. सोबत शेंगदाण्याचा एक लाडू, ५ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, दोन्हींचे मिळून १० ग्रॅम. वाटीभर घट्ट डाळ, ७ ग्रॅम. चारच्या सुमाराला मूठभर फुटाणे, ६ ग्रॅम. रात्री सोयाबीनच्या वड्यांची भाजी, वाळक्या वड्या मूठभर घेतल्या तर १२ ग्रॅम. एक भाकरी, ५ ग्रॅम. बेरीज ६३ झाली. यातली एकही वस्तू बाहेरून मागवायची नाही, सगळं वस्तीतल्या किराणा दुकानात मिळतं. सोयाबीनला काही जणी घाबरतात, त्यात बाईच्या संप्रेरकासारखं काही असतं असं ऐकलेलं असतं. भाजीतलं सोयाबीन चालतं. सोयाच्या गोळ्या-पावडरी घ्यायच्या नाहीत.

हिशेब फसतो तो पातळपणात. 'आजारी माणसाला पचेल' म्हणून आपण वरणाचं वरचं पाणी देतो. त्यात हळद-मीठ असतं, डाळ खाली राहते. पायाच्या सूपाचंही तसंच. पाया, मुंडी रात्रभर उकळली की जाडसर रस्सा होतो, तोंडाला चव येते, घशाला ऊब मिळते. जरूर द्या. पण नुसत्या रश्श्यात अंगाला लागेल असं फार थोडं असतं. सोबत मांस, अंडं किंवा डाळ पोटात जायला हवी. उलट हुलग्याचं माडगं आपल्या आज्या आजाऱ्याला देत आल्या ते अगदी बरोबर आहे. हुलगा भाजून दळलेलं पीठ, लसूण, जिरं, आणि जरा घट्टच ठेवायचं. मेदुवड्याएवढं पीठ घातलं तरी चार-पाच ग्रॅम प्रथिनं येतात आणि गिळायला त्रास नाही.

पाहुणे हजार-बाराशे रुपये मोडून पावडरचा डबा आणतात. आहारतज्ज्ञानं लिहून दिला असेल तर घ्या, विशेषतः गिळताच येत नसेल तेव्हा. एरवी तेवढ्या पैशाची अंडी आणली तर महिना निघेल. घरचं पीठही करता येतं. नाचणी, डाळवं, भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ, सगळं वेगवेगळं भाजून दळून डब्यात भरा. दोन चमचे गरम दुधात शिजवून गूळ घातला की लापशी होते. नाचणीचा आणि तिळाचा आणखी एक उपयोग आहे. काही बायकांना उपचारानंतर पाच-पाच वर्षं लेट्रोझोलसारख्या गोळ्या चालतात, त्यानं हाडं ठिसूळ होतात. तेव्हा नाचणी, तीळ, दूध, सकाळचं ऊन आणि चालणं लागतंच लागतं.

रक्त कमी असणं ही तर आपल्या बायकांची जुनी गोष्ट. पालक, तांदुळजा, मेथी, शेवग्याचा पाला, अंबाडी, यातलं काही ना काही जळोचीच्या उपबाजारात बाराही महिने येतं. वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. जेवण झाल्यावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, चहा तासाभरानं घ्या. आठवड्यातून एकदा काळीज. खरं सांगायचं तर हिमोग्लोबिन जेवणानं हळूहळू चढतं, दोन दिवसांत चढत नाही. बिटाचा रस पिऊन उद्याच्या तपासणीत फरक पडेल अशी आशा धरू नका. पांढऱ्या पेशीही ड्रॅगनफ्रूट किंवा किवीनं वाढत नाहीत. त्या पैशात भिगवणच्या बाजारातली मासळी आणा.

मांस-मासळीचा वाद

उजनीच्या पाण्यातली चिलापी, कटला, रोहू आपल्याकडे स्वस्तात मिळते. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. सुकट, बोंबील तर त्याहून दाट, वाळलेले असल्यामुळे थोड्यात जास्त. मीठ फार असतं म्हणून भिजवून धुऊन घ्यावेत. कोंबडी, काळीज, वजडी, सगळं चालतं. अट एकच, पूर्ण शिजलेलं हवं. मासळीनं टाके चिघळत नाहीत. जखम भरायला प्रथिनंच लागतात.

तरीही आपल्याच घरांत आता सांगितलं जातं की आजारात सात्त्विक खा, मांस सोडा, अंडं सोडा. शहरातल्या दवाखान्यातही कधी कधी आहाराचा छापील कागद मिळतो, त्यावर पनीर, बदाम, अक्रोड लिहिलेलं असतं आणि अंड्याचा पत्ता नसतो. तो कागद ज्या घरासाठी लिहिला ते घर आपलं नव्हे. आपल्या माणसांनी जे खाऊन शतकं काढली त्याला हलकं म्हटलं गेलं, आणि त्याची लाज आपल्याही मनात शिरली. २०१५मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, तेव्हा वस्तीतलं एक स्वस्त मांस ताटातून गेलंच. आता जे उरलं आहे तेही आजारी बाईच्या ताटातून आपणच काढायचं का?

धम्माचा आधार देऊन कुणी मांसाहार सोडायला सांगत असेल तर त्यांना नम्रपणे विनयपिटकाची आठवण करून द्या. सर्व भिक्खूंना मांस-मासळी बंद करावी ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मानली नव्हती. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. ज्या ताईंनी स्वतःच्या विचारानं शाकाहार घेतला आहे त्यांनी तो खुशाल पाळावा. डाळ, सोयाबीन, दूध, शेंगदाणे यांतून हिशेब पुरा होतो, जरा लक्ष जास्त द्यावं लागतं. पण केमोच्या दिवसांत दुसऱ्या कुणी तो तिच्यावर लादू नये.

उपोसथाचंही सांगायला हवं. वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या आपल्या कितीतरी माता-भगिनी आहेत. उपचार चालू असलेल्या ताईंना वाटतं, आजारी आहे म्हणून शील मोडलं तर कसं. आजाऱ्याची सोय विनयातच आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी ही पाच औषधं आजारी भिक्खूंना अवेळीही घ्यायची मुभा होती. घरदार सोडलेल्या भिक्खूंना जर एवढी सूट, तर संसारी बाईनं केमो घेऊन संध्याकाळी उपाशी का राहायचं? तिनं पंचशील घ्यावं, वंदना करावी आणि रात्री जेवावं. शरीर वाळवून काही मिळत नाही हे सिद्धार्थ गौतमांनी स्वतः सोसून पाहिलं, आणि मग सुजाताची खीर घेतली.

तोंड आलं, मळमळतं, चव गेली

वरचा सगळा हिशेब ज्या दिवशी घास उतरतो त्या दिवसांचा. केमोनंतरचे पहिले चार-पाच दिवस तसे नसतात. तेव्हा तीन वेळच्या जेवणाचा आग्रह सोडा. दर दोन तासांनी मूठभर, वाटीभर. उलटीची गोळी दिली असेल तर उलटी व्हायची वाट पाहू नका. लिहून दिलेल्या वेळेला घ्या, अर्ध्या तासानं खा. कोरडं खाणं बरं पडतं. फुटाणे, लाह्या, मुरमुरे, भाजलेली भाकरी. गरम अन्नाचा वास येतो, म्हणून निववून द्या. आल्याचा तुकडा, लिंबाची फोड जवळ ठेवा. खाताना पाणी कमी आणि मधल्या वेळात जास्त. आवडीचा पदार्थ या दिवसांत देऊ नका, नाहीतर त्याचाच कायमचा वीट येतो.

तोंडाला लोखंडासारखी चव येते, मग भाजी-आमटी कडू लागते. स्टीलचा चमचा सोडून हातानं किंवा लाकडी चमच्यानं खा. लिंबू, चिंच, कोकम यांनी चव सुधारते, पण तोंड आलेलं नसेल तरच.

तोंड आलं की तिखट, आंबट, कुरकुरीत बंद. ठेचा तर नावालाही नको. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चुळा भरा. नाचणीची शिजवलेली आंबील, भाताची पेज त्यात डाळ घोटून, दुधात कुस्करलेली भाकरी, केळं, मऊ भुर्जी, तूप घातलेली खिचडी. आणि मिश्री बंद. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे बायका दातांना मिश्री लावतात आणि तिला कुणी तंबाखू म्हणत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे. आलेल्या तोंडात ती निखाऱ्यासारखी लागते, आणि एरवीही तोंडाच्या कॅन्सरला बोलावणं आहे.

जुलाब लागले तर ओआरएस, ताक-भात, केळं. जुलाब एका दिवसात सहाच्या वर गेले तर दवाखाना. काहींना उलट उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. त्यांना कोमट पाणी, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका.

केमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. त्या आठवड्यात बाहेरचं काही नको. वडापाव, पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं. पाणी उकळून गार केलेलं. कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर, कच्चे मोड तेवढे दिवस बाजूला. मोडाची मटकी शिजवून द्या. फळ सोलून खायचं असेल तेच, केळं, संत्रं, डाळिंब, नीट धुऊन. सकाळचं रात्री द्यायचं असेल तर उकळी येईपर्यंत गरम करून. दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची पद्धत आपल्याकडे आहे, ती पूर्ण बंद करा. कच्च्या अंड्यातून जंतू जातात, शिवाय शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं अंगी जास्त लागतात.

या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी केमोची फाईल घेऊन दवाखान्यात जायचं. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. 'केमो चालू आहे आणि ताप आला आहे' हे वाक्य दारातच सांगा. घरात थर्मामीटर हवा, तो एका पाहुण्याच्या बिस्किटाच्या पैशात येतो.

चुलीपाशी कोण?

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, करणार कोण? बहुतेक घरांत ज्या ताईला मळमळतं तीच फोडणी घालत असते. फोडणीचा वास आला की ती मोरीकडे धावते, परत येते, भाकरी थापते, आणि सगळ्यांचं झाल्यावर तिला घास उतरत नाही. मग नवरा डॉक्टरांना सांगतो, 'काहीच खात नाही हो ही.' ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला भाजणं, कापणं, जड पातेलं-हंडा उचलणं टाळायचं असतं. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, छोटी जखमही चिघळू शकते. म्हणजे निदान केमोच्या पहिल्या आठवड्यात तरी चूल दुसऱ्या कुणीतरी हातात घ्यायला हवी. मुलीलाच शाळेतून काढून चुलीपाशी बसवू नका. भावांनो, कुकर लावणं, अंडी उकडणं, डाळ घोटणं याला कसलंच शिक्षण लागत नाही.

विनयपिटकात आजाऱ्याची सेवा करणारा कसा असावा हे सांगितलं आहे. त्याला औषध तयार करता यावं, काय मानवतं आणि काय मानवत नाही ते कळावं, मानवतं ते पुढे आणावं आणि न मानवणारं दूर न्यावं, मळमूत्र-उलटी काढताना किळस वाटू नये, आणि हे सगळं लोभानं नव्हे तर मायेनं करावं. नर्सिंगच्या डिप्लोमाला आम्हाला तीन वर्षं जे शिकवलं त्याचा गाभा यात आला. आजाऱ्यानं कसं असावं हेही तिथे आहे. दुखणं वाढलं, कमी झालं की तसंच आहे, ते खरं सांगावं. आपल्या बायका नेमकं तेच सांगत नाहीत. 'बरं आहे' म्हणतात. म्हणून 'जेवलीस का?' असं विचारू नका. 'काय खाल्लंस, किती खाल्लंस' असं विचारा आणि वहीत लिहा.

आणखी एक गोष्ट जड मनानं लिहिते. काही घरांत या बाईचं ताट-पेला वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. लेकराला तिच्या ताटातला घास देत नाहीत. कॅन्सर ताटातून, पाण्यातून, श्वासातून पसरत नाही. तिच्या जवळ झोपल्यानं लागत नाही. केमोनंतर दोन दिवस तिच्या उलटी-लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, कारण त्यात औषधाचा अंश असतो, तेवढीच काळजी. ज्या लोकांनी पाण्याच्या घोटासाठी २० मार्च १९२७ला चवदार तळ्यावर पाऊल टाकलं, त्यांच्या घरात आजारी बाईचा पेला वेगळा ठेवला जावा? भांडी स्वच्छ घासायची ती तिला बाहेरचा जंतू लागू नये म्हणून.

वस्तीतल्या महिला मंडळाला एक काम सुचवते. विहारात एक कागद लावा आणि केमोनंतरच्या सात दिवसांच्या डब्याच्या पाळ्या वाटून घ्या. एका घरानं एक दिवस. डब्यात काय द्यायचं ते त्या ताईलाच आदल्या दिवशी विचारायचं. फळांच्या टोपल्या आणि सल्ले घेऊन वीस जणींनी जाण्यापेक्षा सात जणींनी सात डबे नेलेले बरे. सर्दी-खोकला असलेल्यांनी डबा दारात ठेवावा.

पैशाची बाजू

ऑपरेशन, केमो, शेक हे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड दाखवा. भरती असताना रुग्णाचं जेवण योजनेतच धरलेलं असतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आरोग्यमित्राला सांगा. पण घरच्या अंड्या-दुधाचे पैसे योजना देत नाही. त्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना बघा. कॅन्सरचा रुग्ण त्यात बसतो, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात, निदानाच्या कागदासह. मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच अर्ज द्या. एसटीत आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला वेगळी सवलत आहे, डॉक्टरांचा दाखला घेऊन आगारात आणि स्टेशनवर विचारा.

मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये पाठवलं असेल तर राहण्या-जेवणाचा प्रश्न मोठा. तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण आणि सोबतची माणसं माफक दरात राहतात. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले आणि त्यांच्या पाठोपाठ २० डिसेंबरला गाडगेबाबा. दोघांचा एकमेकांवर फार जीव होता. टाटा, ससून, बार्शी कुठेही गेलात तरी 'आहारतज्ज्ञांना भेटायचं आहे' असं स्वतःहून सांगा. गर्दीत कुणी आपणहून पाठवेलच असं नाही. जाताना वजनाची आणि खाण्याची वही बरोबर न्या, आणि घरी चालू असलेला काढा किंवा चूर्ण असेल तर त्याची बाटलीही.